मधल्या रांगेतली होडी

१ मार्च, रविवार. सकाळ.

नवी वही, नवं पेन. पेन कन्येचं आहे, पण तिच्या अजून लक्षात आलेलं नाही.

आजपासून या घराची किराणा-खरेदी माझ्या हातात. मोठा दिवस.

प्रकरण असं झालं. हिच्याकडे लोकांचे कपडे अल्टर करायला येतात. पँट आखूड करणं, कोट सैल करणं, चेन बदलणं, असलं. मशीन डायनिंग टेबलवर. गेल्या मंगळवारी मी त्याच टेबलवर सूप पीत होतो आणि दातांच्या डॉक्टरीणबाईंचा पांढरा कोट मध्ये आला. म्हणजे कोट आधीपासूनच तिथे होता. पण सूप गरम असताना कोटाने तिथे काय म्हणून राहावं? हिला कोट भरून द्यावा लागला. तेव्हापासून हिचं एकच टुमणं, मागची खोली मला द्या. शाळेचे गणवेश विकणारा एक दुकानदार एप्रिलपासून सगळं अल्टरेशन हिला द्यायला तयार आहे म्हणे, पण त्याची अट आहे, कपडे ठेवायला स्वतंत्र खोली हवी, सूप-बिप चालणार नाही.

मागची खोली म्हणजे माझी अभ्यासिका. तिथे माझी आरामखुर्ची आहे. तिच्यात बसून मी 'घर कसे चालवावे' हा ग्रंथ लिहितोय. शीर्षकाचं पान तयार आहे. पुढचं चिंतन डोळे मिटून चालू असतं. ही त्याला घोरणं म्हणते.

मी शांतपणे सांगितलं की या घरात अडचण जागेची नाहीच, गळती पैशाची आहे, आणि ती किराण्यात आहे. ही जाते कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटात. संगीत, एसी, चकाचक फरशी, भाज्यांवर पाण्याचा फवारा मारायला वेगळा माणूस. त्या फवाऱ्याचे पैसे कोण देतं? आपण! हायवेजवळ ते दुसरं सुपरमार्केट आहे, पत्र्याचं. माल खोक्यातूनच उचलायचा, पिशवी मागितली तर तोंडाकडे बघतात. पण भाव निम्मे. मी यापुढे पहिल्याला महाल आणि दुसऱ्याला गोदाम म्हणणार आहे.

ही टाके उसवत होती. वर न बघता म्हणाली, मग महिनाभर तुम्हीच आणा. माझ्यापेक्षा पाव हिश्शाने कमी खर्चात घर चालवून दाखवलंत तर खोली तुमची, मी परत नाव काढणार नाही. नाहीतर एक एप्रिलला मशीन आत.

मला हसूच आलं. आई म्हणाली, मला तुमच्या भानगडीत ओढू नका. मग म्हणाली, पंच मी होणार.

२ मार्च, सोमवार. ऑफिस, लंच टाइम.

पद्धत ठरली. अमुक दुकान स्वस्त असं कोणीही म्हणेल. पुरावा? मी विमा कंपनीत क्लेम नामंजूर करणाऱ्या विभागात आहे. पुराव्याशिवाय माझ्या टेबलावर मोडलेला पायसुद्धा मोडलेला धरला जात नाही. तेव्हा प्रत्येक वस्तू दोन्ही दुकानांतून आणायची. तीच वस्तू, तेच माप. शेजारी शेजारी ठेवायची आणि निकाल लावायचा.

सकाळी कन्येने विचारलं, म्हणजे बाबा, सगळं डबल आणणार? मी म्हटलं, डबल नव्हे, तुलनात्मक. कॉलेजला जाते, पण पुष्कळ शिकायचंय तिला अजून.

हिने घरखर्चाचं पाकीट दिलं. दर महिन्याला किराण्याला लागतात तेवढे पैसे त्यात घातलेत. देताना जरा वेळ सोडलंच नाही. मला ओढून घ्यावं लागलं.

४ मार्च, बुधवार.

महाल झाला. यादीतलं सगळं घेतलं. भाव बघून अंगावर काटा आला, पण अभ्यासासाठी मन घट्ट केलं.

तिथे चीज चाखायला देतात, टूथपिकला लावून. फुकट. एका माणसाला एक तुकडा. मी चष्मा लावून एकदा गेलो, चष्मा काढून एकदा, टोपी घालून एकदा. तीन तुकडे आवक धरली. चौथ्या खेपेला चीजवाली म्हणाली, काका, टोपी उलटी घातलीय. आजूबाजूचे चारजण वळून बघायला लागले. मग एक अख्खं चीज विकत घ्यावं लागलं, बिळंबिळं पडलेलं, परदेशी. एवढं महाग चीज मी जन्मात खाल्लेलं नाही. त्यातून तीन तुकड्यांची किंमत वजा केली की तेवढं वाटत नाही.

मेंबर कार्डही घेतलं. पॉइंट मिळतात. पॉइंटांचं काय करायचं हे काउंटरवरच्या मुलीलाही सांगता आलं नाही, पण माझे भरपूर झालेत.

७ मार्च, शनिवार. संध्याकाळ.

गोदाम! काय दिवस!

मेहुण्याला घेऊन गेलो. मेहुणा म्हणजे हिचा भाऊ. फर्निचर पोचवण्याची व्हॅन आहे त्याची. सख्खा मेहुणा असून डिझेलचे पैसे मागितले.

तिथे ट्रॉल्या साखळीने बांधलेल्या असतात. खाचेत नाणं घातलं तर सुटतात. माझ्याकडे सुटं नव्हतं. आत रांगेत उभा राहिलो आणि नाण्याऐवजी चालणारा प्लास्टिकचा पिवळा बिल्ला विकत घेतला. आयुष्यभर पुरेल.

माल खरोखर स्वस्त आहे. मी बरोबर होतो! तांदूळ, पीठ, साखर, सगळं. मला एवढा आनंद झाला की मी पिठासमोर ओरडलो म्हणे. मेहुणा म्हणाला, भाऊजी, लोक बघताहेत. बघू देत.

काउंटरवर एक बाई आहे, वाघीण. वस्तू मशीनवरून फिरवते ती अशी भिरकावते की झेलावीच लागते. पीठ झेललं, साबण झेलला, बटाटे पोटाने झेलले. मागचे लोक च्यक च्यक करत होते. त्यांना झेलायला येतं वाटतं.

आता मुख्य गोष्ट. या दुकानात एक मधली रांग आहे. तिथे खायचं काहीच नसतं. वेल्डिंगचा मुखवटा, घोड्याचं खोगीर, माशांच्या टाकीतला दिवा, असलं सगळं असतं आणि दर आठवड्याला बदलतं. मी लोण्याकडे चाललो होतो. वाटेत होडी होती. रबरी कापडाची, हवा भरायची, केशरी, पंपासकट. किंमत निम्म्याने उतरवलेली.

मी उभ्या उभ्या विचार केला. निम्म्या किमतीची वस्तू घेतली तर निम्मे पैसे वाचतात. घेतली नाही तर काहीच वाचत नाही. मग न घेऊन नुकसान कोणाचं? होडी घेतली. महिन्याभरात वाचवायचा होता तो पाव हिस्सा एका फटक्यात वाचला, तोही सात तारखेला. मेहुण्याने विचारलं, भाऊजी, इथे जवळपास पाणी कुठाय? मी म्हटलं, तो नंतरचा प्रश्न.

हिशेब: डिझेल 'प्रवास' खात्यात. व्हॅन चुकीच्या जागी लावल्याचा दंड 'सरकार' खात्यात. दोघांचं जेवण 'संशोधन' खात्यात. किराण्याचा खर्च बघण्यासारखा कमी.

लोणी राहिलं.

८ मार्च, रविवार. होडीतून.

होडी फुटकी निघाली तर आठवड्याच्या आत परत घेतात. तेव्हा तपासणं आलं, आणि तपासायची तर हवा भरणं आलं. हॉलभर हिची गिऱ्हाइकं असल्यामुळे अभ्यासिकेत भरली. पंप मारता मारता कन्या म्हणत होती, बाबा बास, बाबा बास. हल्लीच्या पिढीला अर्धवट सोडायची सवय आहे.

होडी उत्तम आहे. कुठेही फुटकी नाही. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आहे. दारातून बाहेर निघत नाही. हवा काढायला एक छोटी किल्ली लागते, ती खोक्यात होती. खोकं मी सकाळीच कचरागाडीत टाकलं, कारण घरात पसारा मला चालत नाही.

आरामखुर्ची होडीखाली आहे. एक हात दिसतो. मी होडीत बसून लिहितोय. कडेवर मोठ्या अक्षरांत छापलंय, 'जास्तीत जास्त दोन व्यक्ती'. म्हणजे एक जागा रिकामी आहे.

ही दारात येऊन उभी राहिली. गळ्यातली टेप काढून दाराची रुंदी मोजली आणि गेली.

९ मार्च, सोमवार.

पाकीट जरा हलकं लागतंय. सुरुवातीची गुंतवणूक म्हटल्यावर एवढं चालायचंच. थोडे पगारातून घातले. ते माझे आहेत, त्यामुळे ते खर्चात येत नाहीत.

११ मार्च, बुधवार.

माणसाची जीभ पाकिटाला भुलते. वरचं चित्र बघून चव ठरवते. यावर उपाय काढला. दोन्ही दुकानांचा सगळा माल पाकिटांतून काढून एकसारख्या बरण्यांत भरला. बरण्या मधल्या रांगेतून आणल्या, ऑफर होती, एवढ्या स्वस्त की शंभर घेतल्या. झाकणांवर खुणा केल्या. गोदामाला 'ग', महालाला 'म', पुढे वस्तूचा नंबर. कन्येच्या मार्करने लिहिलं. तो फळ्यावर लिहायचा आहे, पुसायलाही सोपा.

रिकामी पाकिटं लगेच टाकून दिली. मला स्वतःलासुद्धा लबाडी करायला वाव ठेवला नाही.

डायनिंग टेबल बरण्यांनी भरलं. हिचं मशीन इस्त्रीच्या टेबलावर गेलं. तिथे खुर्ची खूप खाली पडते म्हणून ही उभ्याने शिवते. उभं राहणं तब्येतीला चांगलं.

१२ मार्च, गुरुवार.

परीक्षकांची पहिली बैठक. लोणी (मेहुण्याकरवी आणवलं) आणि चीज. आई म्हणाली, दोन्ही सारखंच लागतं. कन्या म्हणाली, दोन्ही सारखंच लागतं. ही म्हणाली, तिला एका पँटची खालची दुमड शिवायचीय. परीक्षकांत गांभीर्य नाही. शेवटी मीच पुन्हा पुन्हा चाखून बघितलं. निकाल लागेपर्यंत दोन्ही लोणी संपली.

पँट आकसलीय. साबण बदलल्यामुळे असेल. नोंद घेतली.

१३ मार्च, शुक्रवार.

ऑफिसातून आलो तर आई खूश. म्हणाली, अरे, त्या सगळ्या झाकणांवर कोणी गिचमिड करून ठेवली होती, मी घासून लख्ख केली. एकही डाग राहू दिला नाही बघ.

मी होडीत जाऊन बसलो.

१४ मार्च, शनिवार. दुपार.

घाबरायचं कारण नाही. जीभ आहे ना.

साखर आणि मीठ लगेच ओळखलं. म्हणजे मीठ ओळखलं, साखर त्यानंतर अर्ध्या तासाने ओळखता आली. राहिलेल्या पांढऱ्या पावडरी म्हणजे दोन पीठं, दोन मक्याची पीठं, दोन दूधपावडरी, दोन खायचे सोडे आणि दोन कपडे धुण्याच्या पावडरी. कन्येचं म्हणणं, धुण्याची पावडर बरणीत भरायचीच कशाला? कारण तुलना म्हटल्यावर अपवाद करता येत नाही, म्हणून.

चमचा घेऊन क्रमाने बसलो. पाचव्या बरणीला जिभेला चरचरलं. सातव्या बरणीनंतर चव अशी उरलीच नाही. मग अंदाजाने चिठ्ठ्या लावल्या. मला खात्री आहे. बहुतेक ठिकाणी.

चार वाजता शिंक आली. फेस आला.

१५ मार्च, रविवार.

डॉक्टरीणबाई आल्या होत्या, नवा कोट शिवून घ्यायचं बोलायला. मागचं सूप विसरून पुन्हा आल्या, म्हणजे मनाच्या मोठ्याच. ही माप घेत होती. मी म्हटलं, आज कॉफी मी करतो. ही म्हणाली, नको. मी म्हटलं, असं कसं.

दूधपावडर घातली. चिठ्ठी स्वच्छ होती, 'दूधपावडर'. ढवळल्यावर कपावर असा काही फेस चढला की मोठ्या कॉफीच्या दुकानात मिळणार नाही. मी मुद्दाम हिला दाखवून नेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अय्या, किती सुंदर फेस! आणि एक मोठा घोट घेतला.

मग त्यांना काहीतरी बोलायचं होतं. तोंड उघडलं तर फुगा आला. चांगला लिंबाएवढा. थोडा वेळ हवेत राहिला, खिडकीपर्यंत गेला. आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत होतो. फुटल्यावर बाई घरी गेल्या.

हिने माप लिहिलेला कागद घडी करून ठेवून दिला. रडली नाही. ओरडली असती तर मला उत्तर तरी देता आलं असतं.

१६ मार्च, सोमवार.

डॉक्टरीणबाईंची तब्येत ठीक. दात पूर्वीपेक्षा स्वच्छ झाले असणार. पण हे त्या कबूल करणार नाहीत, धंद्याचा प्रश्न आहे.

२१ मार्च, शनिवार.

धोरण बदललं. आता तुलना बंद, घाऊक सुरू. तुलनेत वेळ घालवण्याची माझी सवय हेच आतापर्यंतच्या दिरंगाईचं कारण होतं. (दिरंगाई, अपयश नव्हे.)

गोदामात टॉयलेट पेपर घाऊक होता. लाकडी फळ्यांवर रचलेला अख्खा ढीग घेतला तर प्रत्येक रोल जवळजवळ फुकट. घेतला. मेहुणा म्हणाला, भाऊजी, हे तुमच्या नातवंडांनाही पुरेल. मी म्हटलं, नातवंडांसाठी कोणी एवढं करतं का आजकाल? त्यावर त्याने डिझेलचा भाव वाढवला.

दुसरी कमाल, लेबल गळून पडलेले डबे. आत काय आहे ते दुकानालाही माहीत नाही, म्हणून कवडीमोलाने. ढीगभर घेतले. वाघिणीने ते भिरकावले नाहीत. एकेक डबा हातात ठेवला आणि माझ्याकडे अशी बघत राहिली की मला वाटलं आता डोक्यावरून हात फिरवते. आमची ओळख झालीय आता.

सगळं अभ्यासिकेत ठेवलं. दारापासून होडीपर्यंत टॉयलेट पेपर. होडीत डबे. मी आत शिरायला गेलो तर मलाच जागा नाही. पण खोली पूर्ण वापरात आहे, हे हिच्या लक्षात आणून दिलं.

२२ मार्च, रविवार.

जेवणाला पहिला डबा उघडला. पीच. दुसरा, पीच. तिसरा, टेनिसचे चेंडू. आईने पीच खाल्ले आणि चेंडू माझ्या ताटात ठेवले.

२४ मार्च, मंगळवार. सकाळ.

ऑफिसला निघालो होतो. छत्री शोधत हॉलमध्ये वळलो. ही इस्त्रीच्या टेबलापाशी उभी होती. एक हात कपड्यावर, एक हात कमरेवर. मशीन बंद होतं. नुसती उभी होती, पाठ दुखते तशी जरा वाकून. समोर गणवेशवाल्याने नमुन्याला दिलेला छोटासा शर्ट होता, आणि ठेवायला जागा नाही म्हणून तो हिने स्वतःच्या खांद्यावर टाकला होता.

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. इथे दुसरं कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. वाटलं, जाऊन सांगावं, घे बाई खोली.

पण मग पैजेला काय अर्थ राहिला? शिवाय बस चुकली असती. मी खुर्चीच्या पायांखाली चार डबे लावून तिची उंची वाढवून दिली आणि निघालो.

संध्याकाळी कळलं, ही बसल्यावर एक डबा फुटला. पीच होते. शर्ट वाचला.

२७ मार्च, शुक्रवार.

अखेरचा डाव. महिना संपेपर्यंत एक पैसाही खर्च करायचा नाही. घरात आहे तेच खायचं. मेनू मी जाहीर केला: सकाळी चीज, दुपारी डबा, रात्री डबा. कन्या मैत्रिणीकडे अभ्यासाला गेली, जेवूनच येणार. आई एकदम धाकट्या मावशीला भेटायला गेली. मावशीची आठवण कशी आली कोण जाणे.

मी ऑफिसच्या कँटीनमध्ये दोन प्लेट भात खाल्ला. कँटीन हा किराणा नव्हे.

३१ मार्च, मंगळवार. निकालाचा दिवस.

जेवणं झाल्यावर सगळ्यांना बसवलं. मेहुणाही आला होता, डिझेलच्या बाकीसाठी. मी उभा राहून हिशेब वाचला. होडीवरची बचत, बरण्यांवरची बचत, टॉयलेट पेपरवरची बचत, चीजचे तीन तुकडे, महालाचे पॉइंट. सगळं मिळून या महिन्यात मी खर्चापेक्षा जास्त बचत केलीय. म्हणजे किराणाच आपल्याला पैसे देणं लागतो. वाचताना माझाच आवाज भरून आला.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

आई म्हणाली, मला ते खातं-बितं काही कळत नाही. पाकीट आण.

मी म्हटलं, पाकिटाचा इथे संबंध नाही. आई म्हणाली, अरे, आण म्हटलं ना. आणलं. आईने ते टेबलावर उलटं केलं आणि झटकलं. आतून पिवळा बिल्ला पडला. टेबलभर घरंगळत गेला, बरण्यांमधून वाट काढत, आणि हिच्या समोर जाऊन आडवा झाला.

आई म्हणाली, झालं. खोली सूनबाईची.

मी अपील केलं. पहिल्या महिन्यावरून कोणी ठरवतं का? आई म्हणाली, मी झोपायला चाललेय. विमा कंपनीत मी वीस वर्षं लोकांची अपिलं अशीच फेटाळत आलोय, पण समोरच्याला ते एवढं लागत असेल असं वाटलं नव्हतं.

ही जिंकल्यासारखी वागलीच नाही. बिल्ला उचलून माझ्या हातात दिला. म्हणाली, ठेवा, आवडलाय ना तुम्हाला.

१ एप्रिल, बुधवार. रजा.

स्थलांतर. टॉयलेट पेपर मेहुण्याने व्हॅनमधून नेला, त्याची डिझेलची बाकी त्यात फिटली. त्याचा चेहरा बघून वाटलं, सौदा त्याला परवडलेला दिसतो. डबे आईने जिन्यात मांडून बिल्डिंगमध्ये वाटले. कन्या प्रत्येकाला सांगत होती, नशिबात असेल ते.

राहिली होडी. मी सुचवलं की दार तोडून रुंद करू. ही म्हणाली, थांबा. पायातली चप्पल काढली, होडीत चढली, मधोमध गुडघे टेकून बसली आणि शिवण कुठून कुठे जाते ते बोटाने बघितलं. मग टाके उसवायचं हत्यार काढलं आणि एका जागी टोचलं.

होडीने असा सुस्कारा सोडला की आई बाहेरून विचारत होती, काय रे, बरं नाही का?

हळूहळू ही खाली खाली येत गेली. शेवटी जमिनीवर केशरी कापडाच्या मधोमध बसली होती आणि हसत होती. खूप दिवसांनी. माझ्याकडे बघत म्हणाली, कापड एकदम मजबूत आहे हो. वाया नाही जाणार.

बघा! मी काय म्हणत होतो?

आरामखुर्चीचा एक पाय मोडला होता. क्लेम करायचा असता, पण मीच नामंजूर केला असता.

५ एप्रिल, रविवार. अभ्यासिकेतून.

होय, अभ्यासिकेतूनच. कोण म्हणतं खोली गेली?

खोलीच्या कोपऱ्यात केशरी पडदा लागलाय. आत एक स्टूल, एक आरसा, कपडे अडकवायला एक खुंटी. गिऱ्हाइकांनी कपडे घालून बघायची जागा आहे, पण गिऱ्हाईक नसेल तेव्हा तुम्ही बसा, असं हिने आपण होऊन सांगितलं. पडदा होडीचाच आहे. कडेची अक्षरं उलटी आलीत, मान वाकडी केली की वाचता येतात, 'जास्तीत जास्त दोन व्यक्ती'. तेव्हा खोली वाटून घेतली असंच म्हणावं लागेल. पैज बरोबरीत सुटली.

गणवेशांचे गठ्ठे आलेत. भिंतीला फळ्या ठोकल्यात, टॉयलेट पेपरच्या खालच्याच. ही बसून शिवते. शिवताना गुणगुणते. लग्नाला एवढी वर्षं झाली, ही गुणगुणते हे मला ठाऊक नव्हतं. ऐकायला बरं वाटतं. ग्रंथाला पोषक आहे.

मी सुचवलं की दोरा दोन वेगवेगळ्या दुकानांतून आणून तुलना करू. मशीन थांबलं. मी म्हटलं, नको तर नको.

किराणा पुन्हा हिच्याकडे. मला फक्त दूध आणायला सांगतात, तेही कुठल्या दुकानातून ते सांगून.

तुलनेच्या काळात लोणी-चीज मी एकट्याने तपासल्यामुळे पँटचं बटण लागेनासं झालंय. ही म्हणाली, काढून द्या, कंबर सैल करते. दिली. म्हणाली, आधी गणवेश, मग तुमचा नंबर. बरोबर आहे. नियम म्हणजे नियम. तोवर इथे स्टुलावर निवांत बसलोय, पाय मोकळे. चिंतन चाललं होतं. घोरत नव्हतो.

साडेअकरा.

डॉक्टरीणबाई आल्या. आवाज ओळखीचा आहे. नवा कोट तयार झालाय, घालून बघायचाय. कॉफी नको म्हणाल्या, कोणी विचारायच्या आधीच. हिने त्यांना पडद्याकडे बोट दाखवलेलं दिसतंय, कारण पावलं इकडेच येताहेत.

मी खोकलो. पावलं थांबली. मी पडदा डाव्या हाताने गच्च धरलाय आणि वही दातांत धरायच्या बेतात आहे. टीप पक्की आहे, कितीही ओढला तरी उसवत नाही. शिवणकाम उत्तम करते ही, हे कधी लिहिलं नव्हतं, आता लिहितो.

पँट अजून मशीनवर आहे. ही म्हणतेय, अहो, या बाहेर, गिऱ्हाईक उभं आहे.